धुरपताची सरकती झोप

शामकलाबाईचा डोळा लागला आणि तेवढ्यात मनिराम गेला.

तो तिचा भाचा, अडीच वर्षांचा. एकोणीसशे तेवीसचा फागुन होता आणि दरेकसा गावात घरोघर देवी आल्या होत्या. शामकलाबाईचा धाकटा भाऊ उदाराम, त्याची बायको धुरपता आणि हा पोरगा असं ते घर. माय-लेक एकाच खोलीत तापानं फणफणत पडले होते. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. उदाराम रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ सांभाळायच्या कामावर. खाडा केला तर काम जाई, म्हणून दिवसभर तो लाईनवर असायचा. दोघांच्या उशाशी बसायला शामकलाबाई. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून ती माहेरी आली होती आणि भावाच्याच घरात राहिली होती.

तीन रात्री ती बसूनच होती. चौथ्या रात्री पोरगं तिच्या मांडीवर होतं. दोन इंजिनं लावलेली मालगाडी घाट चढून गेली, तो आवाज तिनं ऐकला. त्यानंतर ऐकलं ते एकदम कोंबडं. मांडीवरचं पोरगं थंड पडलं होतं.

त्या दोन आवाजांच्या मधे तो केव्हातरी गेला. रडला का, पाणी मागितलं का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. उदाराम उठून आला तेव्हा ती म्हणाली, "आताच गेला गा. माझ्या देखत." हे खोटं ती एकदाच बोलली. सात वर्षं ते तसंच राहिलं.

पोराला नाल्याच्या काठी पुरलं तेव्हा धुरपताला शुद्ध नव्हती. ताप उतरायला अकरा दिवस लागले आणि उतरला तेव्हा दोन्ही डोळे गेले होते. बुबुळांच्या जागी नुसता दह्यासारखा पांढरेपणा. तिनं पहिल्यांदा हात पसरून आजूबाजूची जमीन चाचपली.

"मनिराम कोठी हाये?"

सांगावं लागलं. तिनं पसरलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "मले एकडाव हात तरी लावू द्याले पायजे होता."

त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर धुरपताची झोप बिघडली. आधी संध्याकाळी लवकर निजायची ती बाई आता दिवा विझला तरी जागीच. मग मध्यरात्रीपर्यंत, मग कोंबड्यापर्यंत. महिनाभरात ती ऊन चढल्यावर निजू लागली आणि दिवस मावळता उठू लागली. उठली की तिचं रोजचं काम सुरू. डोळे गेल्यावरही हात चालतच होते. चाचपत चाचपत ती उखळात धान घालायची आणि मुसळ उचलायची. सारं गाव झोपेत असताना उदारामच्या अंगणातून मुसळाचा आवाज येई. थंडीत तो नाल्यापलीकडच्या घरांपर्यंत जाई.

शेजारची जमुनाबाई एकदा भर दुपारी विरजण मागायला आली. धुरपता सपरीत, म्हणजे पडवीत, आडवी होती, तोंड उघडं, डोळे अर्धे उघडे, पांढरे. जमुनाबाईनं हाक मारली, खांदा हलवला. काही नाही. ती विरजण न घेताच परत गेली आणि पाणवठ्यावर सांगितलं, "मेल्यावानी निजून राहिली व ते. आनि राती धान कुटते. ते धुरपता नोहे."

लोक म्हणू लागले की रेल्वेच्या बोगद्याकडची हवा लागली, भूत शिरलं. गावचा गुनिया सुकराम ते उतरवायला आला. त्यानं लिंबू उतरवलं, कोंबडी कापली, मिरच्यांची धुरी दिली. आणि नवल म्हणजे आठ दिवसांत धुरपता सरळ झाली. दिवा लागल्यावर जेवायची, निजायची, पहाटे उठायची. सुकरामला घरी बोलावून भात-डाळीचं जेवण घातलं. पुढे तीन आठवडे गेले आणि मुसळ पुन्हा रात्री वाजू लागलं.

दुसऱ्या धुरीला सुकरामनं मिरच्या दुप्पट टाकल्या. दार बंद केलेलं. धुरपता आतून ओरडत होती, "बाई, मले काढा! बाई!" ती नणंदेलाच बाई म्हणायची. शामकलाबाईनं दाराला धडक दिली आणि तिला ओढून बाहेर काढलं. धुरपताच्या त्या मेलेल्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं.

"आता नाई," शामकलाबाई सुकरामला म्हणाली. "आता या घरात धुरी नाई."

"मंग भूत तुमचं तुमीच सांभाळा," तो म्हणाला.

त्या दिवसापासून शामकलाबाईनं खुणा करायला घेतल्या. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं. पण दुसऱ्या धुरीच्या वेळी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. धुरपताची झोप मोडत नव्हती, नुसती जागा सोडत होती. रात्रभर जागली म्हणून ती दिवसा कमी निजायची असं नव्हतं. झोप तेवढीच, दोन-सव्वादोन पहरांची. फक्त काल जिथं होती तिथं आज नसायची.

गुरांच्या कोठ्याच्या आतल्या मातीच्या भिंतीवर तिनं खुणा केल्या. बांबूच्या काडीला आठ पहरांच्या आठ खाचा पाडल्या. काडी भिंतीला आडवी लावायची. डावं टोक म्हणजे सूर्य उगवला, मध्य म्हणजे मावळला, उजवं टोक म्हणजे पुन्हा उगवला. दिवसाची वेळ अंगणातल्या खुंट्याच्या सावलीवरून. रात्रीची वेळ गाड्यांवरून. कोणती गाडी केव्हा जाते हे लाईनीजवळच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. धुरपता निजली तेव्हापासून उठली तेव्हापर्यंत कोळशाची आडवी रेघ. दुसऱ्या दिवशी एक बोट खाली दुसरी रेघ. स्वतः झोपेत असताना धुरपता केव्हा उठते हे कळावं म्हणून ती दोघींच्या मनगटाला एक सुतळी बांधायची. सुतळी ओढली गेली की शामकलाबाई जागी.

"हे कायले बांधता बाई?" धुरपतानं विचारलं.

"तू कवा उठतेस ते पायतो."

"पाहून काय होते?"

शामकलाबाईनं सुतळीची गाठ घट्ट केली. एकदा ती झोपली होती तेव्हा काय झालं हे तिला माहीत नव्हतं. आता तिला काहीही निसटू द्यायचं नव्हतं. पण हे ती कोणापाशी बोलणार?

दोन महिने झाले. एका सकाळी कोठ्याचं दार उघडून ती शेण काढायला वाकली आणि वर बघितलं, तर साऱ्या रेघा मिळून एक वाट झाली होती. डावीकडून वरून उजवीकडे खाली, तिरपी, नांगराच्या तासासारखी सरळ. उजव्या टोकाला पोचून ती भिंतीबाहेर गेली होती आणि डाव्या टोकाकडून पुन्हा आत आली होती. कुठे तुटलेली नव्हती, कुठे वाकलेली नव्हती. मागे ओढली असती तर धुरी दिली, कोंबडी कापली त्या दिवसांतूनही ती तशीच सरळ गेली असती.

स्टेशनच्या बंगाली बाबूकडे ती रोज दूध घालायची. त्या दिवशी तिनं त्याला हे सांगितलं. बाबूला वाटलं, बाईच्या डोक्यात काही शिरलं. तरी रविवारी काठी टेकत तो आला, कोठ्यात शिरला आणि धोतर सावरत बराच वेळ भिंतीपुढे उकिडवा बसला. खिशातलं घड्याळ काढून त्यानं खाचा मोजल्या. जुन्या फॉर्मच्या मागे काहीतरी उतरवून घेतलं. पुढचे चार रविवार तो येत राहिला. शेवटी म्हणाला,

"शामकलाबाई, रोज आधा घंटा. गाड़ी लेट होती है तो कभी दस मिनट, कभी दो घंटा. ये रोज आधा घंटा ही लेट है. इसका दिन साढ़े चौबीस घंटे का है. इसमें भूत कहाँ?"

"तर मंग काय हाये बाबू?"

"वो हमको नहीं मालूम. सूरज दिखता नहीं न इसको, शायद इसलिए. डॉक्टर को भी मालूम होगा कि नहीं, पता नहीं."

दोन विसा नि आठ. इतक्या, म्हणजे अठ्ठेचाळीस, दिवसांनी धुरपताचा दिवस पूर्ण फिरून गावाच्या दिवसाला येऊन मिळायचा, पंधराएक दिवस सोबत चालायचा आणि पुन्हा निघून जायचा. हे कळल्यावर घराला थोडी स्वस्थता आली. धुरपताचे उलटे दिवस केव्हा लागतील हे आधीच ठाऊक. त्या दिवसांत शामकलाबाई तिच्यासाठी भाकर आणि आंबील झाकून ठेवायची आणि मुसळाऐवजी तांदूळ निवडायला द्यायची, म्हणजे आवाज नको. उदारामही सैल झाला. लाईनवरून आला की विचारायचा, "बाई, आज हिची सकाळ कवा?"

अशा एका उलट्या रात्री तांदळाचं सूप मांडीवर घेऊन धुरपता म्हणाली, "बाई, तो आला."

"कोन?"

"त्याच्या पायातले घुंगरू वाजून राहिले. कोठ्याच्या मांगं."

शामकलाबाईनं कान दिला. बाहेर शांत होतं. कोठ्यात गाय रवंथ करत होती. मनिरामच्या पायातले वाळे त्याच्याबरोबरच पुरले होते. तिनंच घातले होते, तिनंच राहू दिले होते.

"मले तर काई नाई आयकू येत."

"तुमाले नाई येनार," धुरपता सरळ म्हणाली. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, उलट ती खूश दिसत होती. "रोज नाई येत तो. कवा कवा येते."

कोणीही दुसऱ्यानं हे ऐकून रामनाम घेतलं असतं. शामकलाबाईनं गेरू भिजवला. धुरपताला घुंगरू ऐकू आले की त्या वेळेच्या खाचेवर एक लाल ठिपका. एका फेऱ्यात तीन, कधी चार. तिला वाटत होतं की ठिपकेही काळ्या रेघांबरोबर तिरपे सरकतील. म्हणजे हा आवाज धुरपताच्या डोक्यातला, तिच्या झोपेसारखाच तिच्या आतला. तसं निघालं असतं तर बरं झालं असतं.

वर्षभरानं तिनं भिंत पाहिली. काळी वाट तिरपी चालली होती आणि लाल ठिपके एकाखाली एक, सरळ उभे होते. धुरपताचा दिवस कुठंही असो, ती त्या वेळेला जागी असली की ठिपका तिथंच. मालगाडी गेल्यानंतर आणि कोंबड्याच्या आधी.

शामकलाबाई भिंतीला पाठ लावून खाली बसली. ती वेळ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या आयुष्यातला तेवढाच तुकडा तिनं पाहिला नव्हता.

उदारामला तिनं विचारून पाहिलं, की मालगाडी गेल्यावर रूळ वाजतात का. तो म्हणाला, वाजतात कधी कधी, थंडीत टिणटिण करतात. यावर तिनं धीर धरला. पण ठिपके उन्हाळ्यातही होते. त्यानंतर त्या वेळेला ती निजेनाशी झाली. सुतळी असो नसो, मालगाडीच्या आवाजाला ती उठून बसायची आणि कोंबडं आरवेपर्यंत डोळे उघडे ठेवायची. पुढची सगळी वर्षं.

तीस साली जमुनाबाईच्या सुनेला मुलगा झाला. बारसं व्हायच्या आधीच, भर दुपारी, तो पाळण्यात गेला. जमुनाबाई वेड्यासारखी झाली. आणि तिला आठवलं की चार दिवसांपूर्वीच शामकलाबाई पाणवठ्यावर म्हणाली होती, "सोमवारपासून आमच्या धुरपताचे उलटे दिवस लागतेत." साध्या बोलण्यात म्हणाली होती. पण भूत केव्हा येणार हे जिला आधी कळतं, भूत तिचंच, हे सुकरामनं गावाला समजावून सांगितलं. टोनही, म्हणजे चेटकीण, हा शब्द त्याच दुपारी पहिल्यांदा शामकलाबाईच्या दारात उच्चारला गेला.

वीस-पंचवीस माणसं अंगणात शिरली. उदाराम लाईनवर होता. सुकराम कोठ्यात गेला आणि आतून हाक मारून त्यानं सगळ्यांना भिंत दाखवली. सहा-सात वर्षांच्या रेघा. जागा संपली तशी ती भिंत सारवून पुन्हा काढायची, तरी चारही भिंती भरल्या होत्या.

"हे काय हाये?"

"धुरपताची झोप," शामकलाबाई म्हणाली.

"आनि हे लाल?"

"गेरू हाये."

"कोनाच्या नावाचा?"

जमुनाबाई पुढे आली. तिचे केस मोकळे होते. "सांग ना व," ती म्हणाली, "कोनाच्या नावाचा? माझ्या नातवाच्या?"

शामकलाबाईला सुकरामची भीती वाटली नव्हती. जमुनाबाईचं ते तोंड मात्र तिला पाहवलं नाही. "मनिरामच्या नावाचा," ती म्हणाली.

गलका झाला. कोणीतरी तिचा पदर ओढला, कोणी केस धरले. तशी ती ओरडली, "मी झोपली होती! पोरगा माझ्या मांडीवर मेला आनि मी झोपली होती! माझ्या देखत गेला म्हनून मी खोटं सांगितलं. कवा गेला मले मालूम नाई. म्हनून खुना करतो. दुसरं काईच नाई. मले मारा, पन हे टोना नोहे."

माणसं थांबली. केस धरलेला हात सैल झाला. तेवढ्यात मागे सपरीत भांडं पडल्याचा आवाज झाला. धुरपता झोपेतून उठली होती, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची ती मध्यरात्र होती. जीभ जड होती.

"बाई," ती म्हणाली, "मी जागी होती."

शामकलाबाईनं पुढे होऊन तिचा हात धरला.

"डोये चिकटले होते. बोलता येत नोहतं. मालगाडी गेली आनि तुमी घोरू लागल्या. पोरगा बी किरकिर करून चूप झाला. मी म्हटलं, चला, दोघायले बी झोप लागली. मले लय बरं वाटलं. मंग मी बी निजली."

जमुनाबाई मटकन खाली बसली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. एकेक करून लोक निघून गेले. पण जाताना सुकरामनं दोन बायकांना शेणकाला घेऊन पाठवलं आणि चारही भिंती सारवून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर शामकलाबाई आली की बाकीच्या घागरी बाजूला होऊ लागल्या. कोणी विस्तव देईना. दूध बाबूशिवाय कोणी घेईना.

उदारामला बहिणीचं खोटं त्या संध्याकाळी कळलं. तो जेवला, हात धुतले आणि तिच्या शेजारी येऊन बसला. "मी बी तर झोपलो होतो बाई," एवढंच म्हणाला, "तिकडं, चुलीपाशी."

बाबूनं वर शब्द टाकला आणि दोन महिन्यांत उदारामची बदली झाली. गोंदियाच्या बाजूला दोन-तीन स्टेशनं सोडून लाईनीकाठी गँगची सात क्वार्टरं होती, त्यातलं एक मिळालं. दरेकशाच्या घराला कुलूप लागलं. शेत बटईनं दिलं.

क्वार्टरमध्ये धुरपताचं कोणाला नवल वाटलं नाही. एक पॉइंट्समन सकाळी निजायचा, एक संध्याकाळी. कोणाची बायको मध्यरात्री चूल पेटवायची, कोणी दुपारी नवऱ्याला उठवून कामावर धाडायची. पोरांना लहानपणापासून सवय, की बाजूच्या घरात कोणीतरी निजलेलं आहे, ओरडायचं नाही. तिथं धुरपता रात्री मुसळ उचलायला मोकळी होती. शेजारीण आतून विचारायची, "धुरपताबाई, अभी तुम्हारा दिन चल रहा क्या?" आणि ती हसून हो म्हणायची. शामकलाबाईनं चुलीमागच्या भिंतीवर पुन्हा काडी लावली.

पण लाल ठिपका एकही पडेना. एक फेरा गेला, दुसरा गेला. धुरपता रात्रभर कान देऊन बसायची आणि सकाळी तिचं तोंड उतरलेलं असायचं.

"तो नाई आला इकडं," ती शेवटी म्हणाली. "त्याले कोनं सांगितलंच नाई आपन कोठी गेलो ते. बाई, मले घरी न्या."

शामकलाबाई तिला घेऊन गेली. धुरपताचे उलटे दिवस अगदी मधोमध आले, तिची दुपार मध्यरात्रीवर आली, त्या दिवशी दोघी संध्याकाळच्या पॅसेंजरनं दरेकसाला उतरल्या. बंद घराच्या सपरीत घोंगडी अंथरून बसल्या. दिवा लावला नाही. गावानं त्यांना येताना पाहिलं होतं. दारं लवकर लागली. मालगाडी गेली. दोघी बसून राहिल्या. कोंबडं आरवलं, तशा उठून सकाळची गाडी धरली.

मग तो पायंडाच पडून गेला. दर दोन विसा नि आठ दिवसांनी. दिवस शामकलाबाई भिंतीवरून काढायची आणि तो कधी चुकला नाही. पावसाळ्यात, थंडीत, उदारामला ताप असताना, लढाईच्या दिवसांत गाड्या अडल्या तेव्हाही, दहा वर्षांहून जास्त. दरेकसाला आयांनी पोरांना सांगितलं, आज त्या दोघी यायच्या, बाहेर जायचं नाही. एकदा जमुनाबाई मात्र अंधारातच आली. काही न बोलता घोंगडीच्या कडेला बसली आणि उजाडायच्या आत उठून गेली.

मी, त्यांच्या चुलतभावाची सून, शामकलाबाईला खूप नंतर विचारलं, की तुम्हाला कधी ऐकू आलं का. ती म्हणाली, "नाई. एकडाव वाटलं होतं. पन तवा मले झोप येऊन राहिली होती."

एक्केचाळीसच्या पुस महिन्यात धुरपता गेली. आजारी नव्हती. तिची रात्र तेव्हा दिवसावर आली होती. ऊन डोक्यावर येताना ती निजली. भिंतीप्रमाणे दिवेलागणीला उठायची होती. शामकलाबाई उशाशी बसून लाखोळीची डाळ निवडत होती, तिच्या तोंडावर माशी बसू देत नव्हती. दिवा लागला. आज अर्धा तास पुढे, म्हणून तिनं आणखी थोडी वाट पाहिली. संध्याकाळची मालगाडी गेली. हातात कोळशाचा तुकडा घेऊन ती रेघ संपवायला बसली होती. अठरा वर्षांत त्या बाईची झोप कधी एवढी लांबली नव्हती. तेव्हा तिनं कोळसा खाली ठेवला आणि धुरपताच्या कपाळाला हात लावला.

उदाराम आला. "कवा गेली बाई?"

"मले मालूम नाई गा," ती म्हणाली. "मी जागीच होती."

सेहेचाळीस साली उदारामची नोकरी संपली. ती दोघं बहीणभाऊ चिचगडला आमच्या घरी राहायला आली. माझे सासरे त्यांचे चुलतभाऊ. मी तेव्हा त्या घरात नवी सून होते, आणि हे सगळं मला शामकलाबाईनंच तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, मोहफुलं वाळत घालताना, तेंदूची पानं जुळवताना. आमच्या इथून रेल्वे लांब. रात्री गाडीचा आवाज येत नाही. आली त्या दिवशी तिनं मला विचारलं, "इकडं राती काईच नाई वाजत?" मी म्हटलं, काही नाही.

पहिल्या महिन्यात ती जागायची, सपरीत बसून असायची. मग एकदा निजली ती दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी उठली नाही. सासूबाई घाबरल्या. मी जवळ जाऊन श्वास पाहिला. चालू होता, खोल, घोरत होती. त्यानंतर तसंच होऊ लागलं. जेवली की निजायची, उठली की दोन घास खाऊन पुन्हा आडवी. घरात कुरकुर सुरू झाली, की धानकापणीच्या दिवसांत ही बाई दुपारपर्यंत झोपते. एका सकाळी सासूबाई तिला उठवायला निघाल्याच.

उदाराम दारात बसून दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कायले उठवता वयनी," तो म्हणाला. "निजू द्या तिले."